स्वनातीत प्रवासी विमान आणि खाली राहणारी माणसे

पाटण, कराड किंवा सातारा भागातल्या एखाद्या घरात खिडक्यांची तावदाने आणि फडताळातली भांडी एकाएकी थरथरली, तर वयस्कर माणसांच्या मनात पहिला विचार कोयनेचा येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी अनुभवला, त्यांच्या लेखी अशी थरथर जमिनीतूनच येते. ती आकाशातूनही येऊ शकते, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. २० मे २०२० रोजी दुपारी बंगळूरमध्ये मोठा आवाज झाला, दारे-खिडक्या हादरल्या आणि अनेकांनी भूकंप झाल्याचेच गृहीत धरले. भूकंपमापकांवर मात्र कसलीच नोंद नव्हती. नंतर संरक्षण खात्याकडून खुलासा आला, की हवाई दलाचे एक विमान शहराच्या हद्दीबाहेर, नेमून दिलेल्या क्षेत्रात, ध्वनीपेक्षा अधिक वेगाने चाचणी उड्डाण करत होते. अकरा-बारा किलोमीटर उंचीवरच्या एकाच विमानाने एवढ्या मोठ्या शहराला दचकवले होते.

ध्वनीपेक्षा वेगाने, म्हणजे स्वनातीत वेगाने, उडणारी प्रवासी विमाने पुन्हा आणण्याचे प्रयत्न सध्या अमेरिकेत जोरात चालू आहेत. त्यांच्याविषयीच्या बातम्यांत सगळा भर वेगावर असतो: अमुक शहर ते तमुक शहर इतक्या तासांत. माझ्या मते हा भर चुकीच्या जागी पडतो. शंभर प्रवाशांना ध्वनीच्या दुप्पट वेगाने नेता येते, हे १९७० च्या दशकातच सिद्ध झाले. नव्या विमानांचे लांबलचक नाक, पाठीवर बसवलेले इंजिन, समोर काच नसलेला कॉकपिट या साऱ्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचे कारण विमानात बसलेला प्रवासी नाही. त्या आल्या आहेत खाली जमिनीवर राहणाऱ्या माणसामुळे. हे नीट समजायचे, तर तो आवाज मुळात कसा होतो तिथपासून सुरुवात करावी लागते.

आवाज म्हणजे हवेतून पसरत जाणारा दाबाचा सूक्ष्म बदल. विमान हवेला ढकलते, तेव्हा त्या ढकलण्याची वर्दी ध्वनीच्या वेगाने चहूकडे जाते. हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअस असताना हा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो. अकरा किलोमीटरच्या वर, जिथे तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे तो ताशी सुमारे १,०६० किलोमीटरवर येतो. विमानाचा वेग त्या ठिकाणच्या ध्वनीच्या वेगाच्या किती पट आहे, ते माख या अंकाने सांगतात. नेहमीची जेट प्रवासी विमाने माख ०.८ च्या आसपास उडतात, त्यामुळे पुढच्या हवेला त्यांची चाहूल आधीच लागलेली असते आणि ती बाजूला सरकू लागते. विमान माख १ च्या पुढे गेले की ही वर्दीच मागे पडते. हवेला बाजूला व्हायला सवड मिळत नाही, ती एकदम दाबली जाते आणि केसाहूनही पातळ अशा थरात दाब, तापमान आणि घनता उडी घेतात. या थराला शॉक वेव्ह किंवा आघात तरंग म्हणतात. हा प्रकार आपल्याला वाटतो तितका परका नाही. पोतराज आसूड हवेत फटकारतो, तेव्हा कडाडणारा तो आवाज दोर अंगावर आपटल्याचा नसतो. आसुडाचे निमुळते टोक क्षणभर ध्वनीपेक्षा वेगाने जाते आणि त्यातून एक छोटासा आघात तरंग सुटतो.

अभियांत्रिकीच्या वर्गातही अनेक विद्यार्थ्यांचा असा समज असतो, की विमान ध्वनीचा वेग ओलांडते त्या एका क्षणी मोठा आवाज होतो आणि मग सारे शांत होते. तसे नाही. विमान स्वनातीत वेगाने जात असेपर्यंत आघात तरंगांचा शंकू त्याच्यामागे अखंड ओढला जात असतो, आणि तो शंकू जमिनीला जिथे टेकतो तिथे त्या क्षणी धमाका ऐकू येतो. म्हणजे विमानाच्या वाटेखाली आवाजाचा एक पट्टाच तयार होतो. सतरा-अठरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या मोठ्या विमानामागचा हा पट्टा ऐंशी ते शंभर किलोमीटर रुंद असू शकतो. असे एखादे विमान रत्नागिरीकडून येऊन कराडवरून सोलापूरकडे गेले, तर उत्तरेला साताऱ्याच्या आसपासपर्यंत आणि दक्षिणेला पलूस-तासगावपर्यंतच्या प्रत्येक गावात तो धमाका पोहोचेल. वाटेखालच्या गावांत अधिक जोराचा, कडेच्या गावांत कमी. विमान कुठे आहे, हे तोवर कुणाला दिसणारही नाही, कारण आवाज खाली येईपर्यंत ते कितीतरी पुढे गेलेले असते.

आता त्या धमाक्याकडे जरा जवळून पाहू. विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत जिथे जिथे आकार फुगतो किंवा आवळतो, तिथून लहान-मोठे आघात तरंग निघतात: नाकाच्या टोकाचा एक, कॉकपिटच्या काचेचा एक, पंखांचा, इंजिनाच्या तोंडाचा, शेपटीचा. अधिक दाबाचा तरंग किंचित अधिक वेगाने सरकतो, आणि अनेक किलोमीटर खाली येता येता पुढचे तरंग पुढे व मागचे मागे असे एकमेकांत मिसळून जातात. जमिनीपर्यंत पोहोचतात ते दोनच, पण दणकट. पहिल्यासरशी दाब एकदम चढतो, मग हळूहळू नेहमीपेक्षाही खाली उतरतो, आणि दुसऱ्यासरशी पुन्हा एकदम मूळ पातळीला येतो. म्हणून मोठ्या विमानाचे दोन धमाके लागोपाठ ऐकू येतात.

कॉन्कॉर्ड या जुन्या स्वनातीत प्रवासी विमानाच्या बाबतीत ही दाबाची उडी साधारण शंभर पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक) एवढी असे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल असतो. म्हणजे ही उडी हजारात एक भाग एवढीच. दोन-तीन मजल्यांचा जिना चढून गेलो तरी हवेचा दाब तेवढाच बदलतो, आणि कानाला त्याचा पत्ताही लागत नाही. फरक आहे तो बदल किती वेळात होतो याचा. जिना चढायला अर्धे मिनिट लागते. इथे तीच गोष्ट सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकते. कान दचकतात ते या अचानकपणामुळे. जुन्या वाड्याच्या लाकडी चौकटीत लांबी सुटून सैल झालेली काच असेल, तर तिला हाच झटका बसतो, आणि मग संथ कंपने भिंतीतून आत शिरून मांडणीवरची भांडी वाजू लागतात. नव्या संशोधनाची सगळी दिशा या एका निरीक्षणातून निघते: दाब नाहीसा करता येणार नाही, पण तो एकदम चढू न देता सावकाश चढवता येईल.

हे कळूनही तसे विमान बांधायला इतकी वर्षे लागली. कॉन्कॉर्डचे पहिले उड्डाण २ मार्च १९६९ रोजी झाले आणि २१ जानेवारी १९७६ पासून ते प्रवासी घेऊन उडू लागले. सोव्हिएत तुपोलेव्ह १४४ त्याच्याही आधी, ३१ डिसेंबर १९६८ रोजी, आकाशात झेपावले होते, पण त्याची प्रवासी सेवा १९७७-७८ मधल्या काही महिन्यांपुरतीच टिकली. त्याआधी, १९६४ मध्ये, अमेरिकेने ओक्लाहोमा सिटी या शहरावर सहा महिने मुद्दाम रोज काही धमाके करून लोकांची सहनशक्ती तपासली होती. एकूण संख्या १,२५० च्या वर गेली. काचा फुटल्याच्या आणि भिंतींना तडे गेल्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि अशा आवाजाबरोबर आपण राहू शकणार नाही, असे सुमारे चौथाई लोकांनी सांगितले. १९७३ मध्ये अमेरिकेने आपल्या भूमीवरून नागरी विमानांच्या स्वनातीत उड्डाणाला बंदी घातली. कॉन्कॉर्डला उरला तो समुद्र. लंडन किंवा पॅरिसहून न्यूयॉर्कला ते साधारण साडेतीन तासांत पोहोचे, पण जगातले बहुतेक गर्दीचे मार्ग जमिनीवरून जातात. ब्रिटिश एअरवेजने सिंगापूर एअरलाइन्सच्या साथीने बहारीन ते सिंगापूर सेवा सुरू केली, तेव्हा भारताने आपल्या हद्दीत स्वनातीत वेगाला परवानगी दिली नाही, आणि १९८० मध्ये ती सेवा बंद पडली. आपल्या एअर इंडियानेही एके काळी दोन कॉन्कॉर्डसाठी हक्क राखून ठेवला होता. ती विमाने कधी आली नाहीत. एकूण वीसच विमाने बांधली गेली आणि त्यांतली चौदा प्रवासी सेवेत होती. जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ झालेल्या अपघातात ११३ माणसे दगावली. पुढे २००३ मध्ये कॉन्कॉर्ड कायमचे उतरले. त्या अपघाताला शेवटाचे एकमेव कारण मानण्याची पद्धत आहे, पण मला ते पटत नाही. ज्या विमानाला जमिनीवरून वेगाने जाण्याची मुभाच नव्हती, त्याच्यासाठी पुरेसे मार्ग मिळणे मुळातच अशक्य होते.

दाब सावकाश चढवण्याचा विचार १९६० च्या दशकाच्या शेवटी गणिताने मांडला गेला. विमानाचे आकारमान आणि त्याने निर्माण केलेला उचल-जोर हे दोन्ही लांबीवर अशा बेताने पसरायचे, की निघालेले लहान लहान आघात तरंग एकमेकांत मिसळण्याआधीच जमिनीपर्यंत पोहोचावेत. २००३ मध्ये एका एफ-५ लढाऊ विमानाचे नाक बदलून आणि पोट फुगवून हा सिद्धान्त प्रत्यक्ष हवेत तपासला गेला, आणि तो खरा ठरला. त्या वाटेवरचे आजचे विमान म्हणजे नासा आणि लॉकहीड मार्टिन ही विमान कंपनी यांचे एक्स-५९. त्याचे पहिले उड्डाण २८ ऑक्टोबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियात झाले.

या विमानाची लांबी सुमारे तीस मीटर आणि पंखांचा विस्तार जेमतेम नऊ मीटर आहे. लांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसते नाकच आहे. नाक इतके निमुळते असल्यामुळे हवा थोडीथोडी दाबली जाते, एकदम नाही. एकुलते एक इंजिन पाठीवर बसवले आहे, म्हणजे त्याच्या तोंडाशी निर्माण होणारे तरंग वरच्या दिशेला जावेत आणि विमानाचा खालचा भाग सलग, गुळगुळीत राहावा. त्याच्या इंजिनाचे कूळ एफ-४१४. आपल्या तेजस मार्क २ साठी निवडलेले इंजिनही त्याच कुळातले आहे. खर्च आटोक्यात राहावा म्हणून उतरण्याची चाके एफ-१६ ची घेतली आहेत आणि वैमानिकाची आसनव्यवस्था टी-३८ या प्रशिक्षण विमानाची. नवे आहे ते फक्त जिथे आवाज ठरतो तिथे, आणि ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

वैमानिकाच्या समोर काच नाही. एवढ्या लांब नाकामागे बसल्यावर समोरचे काही दिसणारच नाही, आणि उभी काच बसवावी तर तिच्यातून एक ठळक तरंग सुटेल. कॉन्कॉर्डमध्ये हीच अडचण उतरताना आणि उडताना नाक खाली झुकवून सोडवली होती. ती यंत्रणा जड आणि गुंतागुंतीची होती. एक्स-५९ मध्ये कॅमेऱ्यांनी टिपलेले पुढचे दृश्य वैमानिकासमोरच्या पडद्यावर दाखवले जाते, आणि त्यावरच उड्डाणाची आवश्यक माहितीही उमटते. बाजूच्या काचांमधून तो थेट बाहेर पाहू शकतो, पण धावपट्टी त्याला दिसते ती पडद्यावर. उद्या प्रवासी विमानात हे मान्य करायचे, तर कॅमेरा किंवा पडदा बंद पडल्यास काय, याचे खात्रीशीर उत्तर द्यावे लागेल.

एक्स-५९ साधारण १६.८ किलोमीटर उंचीवर माख १.४ वेगाने उडताना जमिनीवर ७५ डेसिबल एवढाच आवाज जाणवावा, असे उद्दिष्ट आहे. कॉन्कॉर्डचा आवाज त्याच मापावर सुमारे १०५ होता. कानाला आवाज निम्मा वाटायला ढोबळमानाने दहा डेसिबल कमी व्हावे लागतात. तेव्हा तीस डेसिबलचा फरक म्हणजे आवाज जवळजवळ आठव्या हिश्शावर येतो. हे जमले तर मोठीच गोष्ट होईल. मात्र या विमानात प्रवासी नाहीत, एकच वैमानिक आहे. धमाक्याचा जोर विमानाच्या वजनावरही अवलंबून असतो, कारण ते वजन हवेत तोलून धरण्यासाठीच खाली दाब द्यावा लागतो. साठ-ऐंशी माणसे, त्यांचे सामान आणि हजारो किलोमीटरचे इंधन घेऊन जाणाऱ्या विमानाचा आवाज इतका खाली आणणे याहून कितीतरी अवघड आहे.

बूम सुपरसॉनिक या अमेरिकी कंपनीने दुसरी वाट धरली आहे. तिच्या नियोजित ओव्हर्चर विमानात साठ ते ऐंशी प्रवासी, चार इंजिने आणि समुद्रावर माख १.७ असा बेत आहे. आकाराने धमाका मऊ करण्याचा आग्रह त्यात नाही. जमिनीवरून जाताना वेगच आवरायचा, असा विचार आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी तिच्या एक्सबी-१ या लहान प्रायोगिक विमानाने माख १.१२ गाठला, आणि तरीही जमिनीवर धमाका पोहोचला नाही. यामागचे कारण सुंदर आहे. उन्हाळ्यात मिरजेच्या रस्त्यावर दुपारी पाणी असल्याचा भास होतो, कारण तापलेल्या हवेच्या थरात प्रकाश वाकून पुन्हा वर वळतो. आवाजाचेही तसेच होते. वर गार हवेत ध्वनी सावकाश जातो, खाली उबदार हवेत वेगाने, त्यामुळे खाली येणारा तरंग वाकत वाकत एका उंचीवरून पुन्हा वर जातो. विमानाचा वेग जमिनीलगतच्या ध्वनीच्या वेगापेक्षा कमी असेल तोवरच हे घडते, म्हणजे साधारण माख १.१५ च्या आसपासपर्यंत. वाऱ्यानुसार ही मर्यादा थोडी मागेपुढे होते. नेहमीच्या विमानांच्या तुलनेत यातून वेळ वाचतो, पण फार नाही.

माख १.७ हा आकडा कॉन्कॉर्डच्या २.०४ पेक्षा कमी का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. वेगाने येणारी हवा विमानाच्या टोकाशी अडते तेव्हा तापते, आणि ही तापवणूक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कॉन्कॉर्डचे नाक १२७ अंशांपर्यंत तापे, आणि उड्डाणात सारे विमान वीसेक सेंटीमीटर लांब होई. माख १.७ ला हे तापमान गणिताने ७० अंशांच्या आत येते, आणि कार्बन तंतूंच्या हलक्या मिश्र पदार्थांचा वापर सुकर होतो. माख १.४ ला तर ते २८ अंशांच्या आसपास राहते, म्हणजे आपल्याकडच्या चैत्रातल्या दुपारपेक्षाही कमी.

इंजिनाचा पेच याहून हट्टी आहे. नेहमीच्या विमानांची इंजिने शांत आणि काटकसरी असतात, कारण त्यांचा भलामोठा पंखा पुष्कळ हवा संथपणे मागे ढकलतो. स्वनातीत वेगाला एवढे रुंद तोंड परवडत नाही, कारण हवेचा अडथळा फार वाढतो; अरुंद इंजिनाला मग थोडी हवा अतिशय वेगाने फेकावी लागते, आणि तो झोत गर्जतो. कॉन्कॉर्डला उड्डाणाच्या वेळी आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या झोतात जादा इंधन जाळणारी यंत्रणा, पेटवावा लागे, आणि विमानतळाशेजारच्या वस्त्या त्या आवाजाने त्रासून जात. आफ्टरबर्नरशिवाय चालणारे, मध्यम रुंदीचे इंजिन बनवण्याचा बूमचा प्रयत्न चालू आहे. मोठ्या इंजिन कंपन्यांपैकी रोल्स-रॉइस २०२२ मध्ये या प्रकल्पातून बाहेर पडली होती. इंधनाचे गणितही कठीण आहे. माख २ ला कॉन्कॉर्डला मिळणारा उचल-जोर हवेच्या अडथळ्याच्या जेमतेम सातपट होता. नेहमीच्या मोठ्या विमानात तो सतरा-अठरापट असतो. प्रत्येक प्रवाशामागे काही पट अधिक इंधन जळणार, आणि तेही ओझोनच्या थराजवळच्या उंचीवर, जिथे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा परिणाम अधिक घातक ठरतो. आवाजाचा प्रश्न सुटला तरी हा प्रश्न उरतो, आणि त्याबद्दल कंपन्यांकडून पुरेसे स्पष्ट बोलले जात नाही, असे माझे मत आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढे आहे. ६ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जमिनीवरील स्वनातीत उड्डाणाची बंदी उठवून त्याजागी आवाजाची मर्यादा आणण्याचा आदेश दिला. एक्स-५९ काही अमेरिकी वस्त्यांवरून उडवून लोकांना काय वाटले ते विचारले जाणार आहे, आणि ती माहिती तिथल्या नियामकांना व आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला दिली जाणार आहे. जगभर लागू होणारी मर्यादा त्यातून घडेल. ही पद्धत मला योग्य वाटते. माणसांना विचारल्याशिवाय असा आकडा ठरवूच नये. पण विचारली जाणारी माणसे कोणत्या घरात राहतात, याने उत्तर बदलते. तिथली घरे बहुधा लाकडी सांगाड्याची, बंद खिडक्यांची आणि वातानुकूलित असतात. माण-खटाव भागात दगडमातीच्या भिंतीवर पत्रा टाकलेली घरे आहेत, त्यांची दारे-खिडक्या वर्षातले बरेच महिने उघडी असतात, आणि दाबाच्या त्याच बदलाला पत्रा वेगळा प्रतिसाद देतो. डोंगरांच्या कुशीतल्या पाटण किंवा जावळीच्या खोऱ्यांत आवाज परतूनही येतो. मुंबईहून सिंगापूरकडे सरळ रेषा काढली तर ती पुणे-सोलापूर पट्ट्यावरून जाते, तेव्हा फलटणचा परिसर अशा मार्गाच्या आवाजपट्ट्यात येऊ शकतो.

म्हणून भारताने ही मर्यादा आयती स्वीकारण्याआधी स्वतःच्या मोजण्या कराव्यात, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. हवाई दलाची विमाने नेमून दिलेल्या क्षेत्रात स्वनातीत उड्डाणे करतच असतात. वेग आणि उंची नीट बेतून अशा काही उड्डाणांच्या वाटेखाली मुद्दाम ध्वनिमापक आणि कंपनमापक बसवता येतील: एक उघड्या रानात, एक सिमेंटच्या स्लॅबखाली, एक पत्र्याखाली, एक जुन्या वाड्याच्या माडीवर. आणि नोंद घेणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी घरातल्या माणसाला विचारावे, की तुम्ही दचकलात का, मूल जागे झाले का, गोठ्यातली जनावरे बुजली का.